धाकटं पुस्तक

११ जानेवारी

धाकट्या,

हा पत्ता खरा की खोटा, पत्र परत आलं की कळेल. तुझ्या प्रकाशकाकडे गेले होते. तिथल्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे, आणि मग कुठे कागदावर तुझा पत्ता खरडून दिला. राग गेला म्हणून लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. राग आहे तिथेच आहे, घडी घालून ठेवलेला. पण तुला कळवावं असं झालंय म्हणून लिहिते.

आई बरी आहे. दिसत नाही फारसं, जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपत उतरते, पण जीभ शाबूत आहे. गेल्या मंगळवारी मदत कचेरीची पाहणी झाली. पाहणी म्हटल्यावर आपल्या इमारतीत काय चालतं ते तुला सांगायला नको, तूच ते दुसऱ्या पुस्तकात लिहिलंयस म्हणे. कचेरीच्या बाई खालच्या मजल्यावर आल्या की वरच्या मजल्याची पळापळ. पंखे, रेडिओ, बऱ्यापैकी रजया, सगळं गच्चीवर. भत्ता घेणाऱ्याच्या घरात सुखाची वस्तू दिसायला नको. आईनेही सगळं लपवलं. मी दिलेलं लोकरीचं पांघरूण लपवलं, साखरेचा डबासुद्धा शिंपीणकाकूंकडे नेऊन ठेवला. आणि एवढं सगळं आवरून झाल्यावर रिकाम्या टेबलाच्या मधोमध काय मांडलं असेल? तुझी दोन पुस्तकं. बाहीने पुसून.

मी कामावर होते. शिंपीणकाकू दारात उभ्या होत्या, त्यांनी मला शब्दन्‌शब्द सांगितला, वर थोडा पदरचाही घातला असेल.

"हे कोणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या मुलाचं. हे थोरलं आणि हे धाकटं. दोन्ही त्याचीच."

"थोरलं मी वाचलंय," बाई म्हणाल्या. "हे धाकटं कधी झालं?"

"दोन वर्षं होतील आता. अंगाने बारीक आहे, पण गुणी आहे."

आई पुस्तकांबद्दल अशीच बोलते, नातवंडं असल्यासारखी. थोरल्या पुस्तकात ती शेवटी मरते हे इमारतीतल्या प्रत्येकाने तिला येऊन सांगितलंय. ती म्हणते, "मेले तर मेले, पण केवढ्या लोकांत मेले!" धाकटं मात्र कोणी वाचलेलं नाही, त्यामुळे त्यात तिचं काय होतं ते तिला माहीत नाही.

बाईंबरोबर या वेळी एक साहेब होते. त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. झालं, आईच्या जिभेला पाय फुटले. मोठा माणूस आहे, मोठ्या लोकांत ऊठबस आहे, गावोगाव त्याला बोलावतात. साहेबांनी लिहून घेतलं. जाताना बाईंनी धाकटं पुस्तक वाचायला मागितलं आणि आईने ते आनंदाने दिलं.

अजून काही झालेलं नाही. तरी साहेबांचं ते लिहून घेणं मला खुपतंय.

ताई


२९ जानेवारी

धाकट्या,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर नाही आलं तरी चालेल, पण हे नीट वाच.

काल जेवणाच्या सुट्टीत पाहणीच्या बाई आमच्या धुलाईघराच्या फाटकाशी आल्या. मी चादरी दाबायच्या गरम रुळावरून उठून आले होते, वाफेने चेहरा लालबुंद. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाने आमची कचेरी बरोबर उतरवलीय. खिडकीतल्या माणसाचं शिंकणंसुद्धा." मला वाटलं आता चिडतील. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बारा घरी फिरते, सगळ्यांच्या गच्चीवर काय आहे ते मला ठाऊक आहे. मी वर कधी जात नाही. पण साहेबांनी ऐकलं ते मला पुसता येणार नाही."

नियम असा आहे. मुलगा कमावता असेल तर आईचा भत्ता बंद. भत्ता बंद झाला की कचेरीची खोलीही सोडायची. पुस्तकं लिहिणारा माणूस कमावताच असणार, असं साहेबांना वाटतं. (साहेबांनी कधी पुस्तक लिहिलेलं दिसत नाही.) आता सुनावणी होईल. तिथे तू स्वतः यायचं आणि 'आईला पोसण्याची माझी ऐपत नाही' एवढं एक वाक्य बोलायचं. बाई ते लिहून घेतील, भत्ता चालू राहील, खोली राहील. एवढंच.

मी तिला माझ्याकडे आणू शकत नाही, हे तुला माहीत आहे. आमच्या वसतिगृहात एका खोलीत चौघीजणी, आणि पाहुणीला संध्याकाळच्या आत बाहेर काढतात. खोली गेली तर आई थेट निराधार म्हाताऱ्यांच्या सदनात, लांबलचक दालनात खाटेला खाट लावून. ती तिथे जगेल, पण दोन गोष्टींवाचून. एक स्वतःचं दार आणि दुसरी त्याची कडी. तिला दुसरं काहीच नकोय रे. रोज संध्याकाळी ती कडी लावते आणि पुन्हा एकदा हाताने चाचपून पाहते, लागली का.

तिलाच सांगून पाहिलं, की साहेबांना फक्त म्हण, मुलगा मला काही देत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला तू मेलास असं म्हणायला सांगत होते.

तेव्हा तू ये.

ताई


१४ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. कागद झकास आहे. तिसरं पुस्तक हातात आहे, दुसऱ्याचं चांगलं चाललंय, आणि कचेरीपुढे हात पसरायला तू येणार नाहीस. वा.

मग मीही लपवलेलं सांगते. धाकटं पुस्तक मी वाचलंय. ते बाईंनी परत आणण्याच्या कितीतरी आधी वाचलंय. बाजारामागच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारा बसतो, त्याच्याकडून शिवणकामाचं पुस्तक घेतलं. मी घासाघीस करत होते, तर त्याने किंमत उतरवायच्या ऐवजी एका थप्पीतलं एक पुस्तक वर फुकट घातलं. ते तुझं होतं. थप्पीही तुझीच होती. तेव्हा दुसऱ्याचं कसं चाललंय ते मला सांगू नकोस.

आणि ते पुस्तक चांगलं आहे. मी हे लिहिणार नव्हते, पण आहे. थोरल्यात लोक रडतात, मरतात, पेपरात त्याचं कौतुक होतं. धाकट्यात कोणी मरत नाही, नुसते रांगेत उभे असतात, म्हणून कोणी विकत घेत नसेल. मला मात्र त्यातली माणसं ओळखू आली. फक्त एक माणूस ओळखू आला नाही.

खिडकीतला माणूस आईला सगळ्यांदेखत बोलला, 'तुम्हाला लाज नाही का' म्हणाला आणि आई तिथेच भिंतीला टेकून रडली, तो भाग. पुस्तकात तिचा मुलगा उठतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तिला बाकावर नेऊन बसवतो. फार सुंदर लिहिलंयस. मी तिथे होते, धाकट्या. तिला बाकावर मी नेलं. तू समोर बसून लिहीत होतास. ती रडत होती आणि तुझा हात थांबत नव्हता. त्याच संध्याकाळी मी तुझी पिशवी जिन्यात फेकली, त्याचं कारण तू अजून 'ताईचा संताप' असंच समजतोस.

तिने काहीच मनात ठेवलं नाही. ती म्हणाली, "त्याचं काम आहे ते. तू चादरी धुतेस, तो लिहितो."

हात पसरायला नाही बोलावत तुला. खरं बोलायला बोलावतेय. तुझ्यासारख्याला ते जड जाणार नाही असं आपलं मला वाटलं होतं.


२० फेब्रुवारी

धाकट्या,

सुनावणी पाच मार्चला, सकाळी दहा वाजता. कचेरीच्या मोठ्या इमारतीत, दुसरा मजला.

'बघतो' म्हणालास तेही पुरे. आईला सांगितलं, तू येणार आहेस. तिने विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, भेटायला. तेव्हापासून ती केस विंचरतेय.

शर्टाची काळजी करू नकोस, जो असेल तो घालून ये. साधाच घाल.

ताई


६ मार्च

काल तुला काही बोलले नाही. बोलले असते तर रस्त्यात तमाशा झाला असता. आज लिहिते.

तू जिन्यात दिसलास तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. तो कोट! साधं काहीतरी घाल म्हणून बजावलं होतं मी. आई हाताने चाचपून म्हणाली, "केवढं भारी कापड आहे." मी बाहीचं टोक नीट करायला गेले तर आत धुलाईचा बिल्ला दिसला, कापडी, धाग्याने टाचलेला. हे बिल्ले मी दिवसभर हाताळते. भाड्याच्या कपड्यांनाच ते आत राहतात. क्षणभर माझा सगळा राग ओसरला. वाटलं, याच्याकडे अंगावर घालायलाही काही नाही. आणि कोणाला दिसू नये म्हणून मी तो दातांनी तोडला. तूही गप्प उभा राहिलास, लहानपणी नाक पुसून घ्यायचास तसा.

तो बिल्ला राहू द्यायला हवा होता. साहेबांनी तोच पाहायला हवा होता.

आत काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते कधी लिहिशील तेव्हा वेगळंच लिहिशील. टेबलापलीकडे तिघं. कडेला पाहणीच्या बाई, हातात पेन. साहेबांनी विचारलं, "आईला तुम्ही सांभाळता का?" किती सोपा प्रश्न. आईने मान तुझ्याकडे वळवली. तिला तुझा चेहरा दिसत नाही, नुसती सावली दिसते, तरी वळवली.

तू म्हणालास, "हो."

बाईंनी पेन उचललं नाही. त्या म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा. घाई नाही." दुसऱ्यांदा संधी दिली त्यांनी तुला. त्यांना कोटाचंही कळलं असावं.

तू म्हणालास, "हो. मीच सांभाळतो तिला."

तेव्हा मी ओरडायला हवं होतं. खोटं बोलतोय हा, याच्या स्वतःच्याच खायचे वांधे आहेत, असं म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण आईकडे पाहिलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. खिडकीतला तो माणूस आजही तिथेच बसतो. बाहेर पडताना ती त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "ऐकलंत ना? माझा मुलगा सांभाळतो मला."

तू जिन्यातून भराभर उतरून गेलास. कोट परत करायचा असेल.

भत्ता बंद. खोली एक तारखेला सोडायची. निकालपत्रावर लिहिलंय, 'अर्जदार मुलाच्या घरी राहण्यास जाईल.'


१९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'तिच्या समोर मला नाही म्हणताच आलं नाही' असं तू लिहिलंयस. मला कळतं रे. कळतं म्हणून तर चीड येते. कळलं नसतं तर तुला नालायक म्हणून मोकळी झाले असते.

इथलं ऐक. आईने स्टोव्ह देऊन टाकला. शिंपीणकाकूंना. पलंग खालच्या रखवालदाराच्या सुनेला. दोन पातेली, बादली, आरसा, जो दारात येईल त्याला ती काही ना काही देतेय. "मुलाकडे चाललेय, तिथे सगळं आहे." रोज संध्याकाळी बायका तिला भेटायला येतात. ज्यांनी पंखे गच्चीवर लपवले त्याच बायका. आमच्यात पहिल्यांदाच कोणीतरी पोराकडे चाललंय, असं म्हणतात आणि डोळे पुसतात. कोणी कोणी तिच्या आडून माझ्याकडे बघत राहतात. त्यांना थोडं थोडं कळलंय. त्या इमारतीत लपवणं सगळ्यांना छान जमतं.

मी तिला सांगायला बसते. रोज बसते. ती विचारते, "त्याच्याकडे खिडकी आहे का गं?" आणि मी उठते.

रविवारी मी तुझ्या पत्त्यावर आले होते, तो छापखाना निघाला. तू नव्हतास, बरंच झालं. छापखान्याच्या माणसाने दाखवलं, कागदांच्या गठ्ठ्यांवरची ती फळी, उशाला तुझी पिशवी. तोच म्हणाला, "रात्री छपाई नसली तर झोपू देतो आम्ही त्यांना, मुद्रितं तपासून देतात." भिंतीला तिसऱ्या पुस्तकाची पानं टाचलेली होती, उंदीर पोचणार नाहीत अशी उंच. मी वाचली नाहीत. फळीवर हात फिरवून पाहिला, आईला तिथे आणता येईल का म्हणून. एका कुशीचीच जागा आहे.

मग पाहणीच्या बाईंकडे गेले. मुलगा सांभाळतो असं नोंदवलेल्या बाईला सदनात घेत नाहीत, पण त्यांनी कुठेतरी शब्द टाकला. एक खाट मिळतेय. एक तारखेला न्यायचं.

तुला यायला नाही सांगत. तुला जमणार नाही. मी नेईन.

ताई


८ एप्रिल

धाकट्या,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं तेच कळत नव्हतं.

एक तारखेला मी सुट्टी घेतली. खोलीत एक पेटी आणि दोन पुस्तकं उरली होती. आईने दार स्वतः ओढून घेतलं, कडीला हात लावला आणि किल्ली रखवालदाराला देताना म्हणाली, "तेल घालत जा, अडकते जरा." तेवढंच. मागे वळून पाहिलं नाही. मीच पाहिलं.

बसमध्ये सांगायचं असं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. पण ती खिडकीशी बसली होती, मांडीवर पुस्तकं, शेजारच्या बाईला थोरलं-धाकटं समजावत होती. उतरल्यावर सांगू म्हटलं.

सदन म्हणजे कोण्या एका व्यापाऱ्याचा जुना बंगला आहे. समोर झाडं, मोठं फाटक, आत शिरल्यावर रुंद लाकडी जिना. आईला अंधुक दिसतं ते एवढंच दिसलं. ती फाटकात थांबली. मान वर करून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे त्याचं?"

मी म्हटलं, "हो."

तुझ्या 'हो'वर मी महिनाभर दातओठ खात होते. माझ्याही तोंडून तोच निघाला, तुझ्याइतकाच पटकन. तेव्हापासून तुझ्यावर रागावता येत नाहीये. प्रयत्न करून पाहिला.

आत दालनात नेलं. खाटेला खाट. मला वाटलं, आता कळेल. ती खाटेवर बसली, दोन्ही बाजूंना हात लावून पाहिलं, खोकण्याचे आवाज ऐकले. मग म्हणाली, "एवढ्या बायका ठेवून घेतल्यात त्याने! त्याचं हे असंच. कोणाला नाही म्हणता येत नाही." आणि थोड्या वेळाने, "वर लिहीत असेल?"

मी पुन्हा हो म्हटलं.

आता दालनातला प्रकार ऐक. आई सगळ्यांना हळू बोलायला सांगते. वर माझा मुलगा लिहितोय, म्हणते. पहिले दोन दिवस बायका हसल्या. समोरच्या खाटेवरची, जन्मभर भाजी विकून आवाज फाटलेली म्हातारी, ती तर म्हणाली, "लिहितो तर लिहू दे, माझ्या खोकल्याने शाई सांडते का त्याची?" पण आता सगळ्याच हळू बोलतात. जेवणाचा गाडा ढकलणारी बाई आमच्या जिन्यापाशी आली की गाडा उचलून नेते. भाजीवालीने मला कानात विचारलं, "खरंच आहे का गं कोणी वर?" वर सदनाचं भांडार आहे, गाद्या आणि फाटक्या रजयांचे ढीग. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे." आणि खोकला आला तसा तोंडावर उशी धरली.

आईला खरंच तसं वाटतं, की तिला सगळं कळलंय आणि ती तुझी अब्रू राखतेय, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण ती जेवताना अर्धी भाकरी बाजूला ठेवते आणि जिन्याकडे कान लावून बसते. काल मला म्हणाली, "काम संपलं की उतरेल तो. घाई करू नकोस त्याला." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती रोज थोडी थोडी कमी होतेय, धाकट्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार दिवस धरू नका.

पैसे नकोत, कोट नको, पुस्तक नको. रविवारी ये. पहारेकऱ्याशी मी बोलून ठेवलंय, तुझं नाव सांगायचीही गरज नाही. समोरच्या फाटकाने मात्र येऊ नकोस. इमारतीच्या मागच्या अंगाला लोखंडी जिना आहे, त्याने वर भांडारात जा. मग आतल्या लाकडी जिन्याने खाली ये. सावकाश ये, पायऱ्या वाजू देत. तिला दिसत नाही, ऐकू येतं.

ताई